उताराची जमीन, टेप आणि खरे माप

कोकणात किंवा घाटमाथ्यावर प्लॉट घेताना आपले व्यापारी बंधू भाव ठरवताना तासन् तास घासाघीस करतात. माप मात्र टेप जमिनीवर पसरून पाच मिनिटांत उरकतात. उताराच्या जमिनीत नुकसान होते ते इथेच.

सातबाऱ्यावरील आणि नकाशातील क्षेत्र हे सपाट, म्हणजे आडव्या पातळीतले असते. उतारावर टेप तिरका पडतो व अंतर जास्त दाखवतो. समजा, प्लॉट उताराच्या दिशेने ३० मीटर व आडवा २० मीटर भरला. वरच्या आणि खालच्या टोकाच्या उंचीत ६ मीटरचा फरक आहे. टेपप्रमाणे क्षेत्र ६०० चौरस मीटर. परंतु खरे आडवे अंतर २९.३९ मीटर, म्हणजे क्षेत्र सुमारे ५८८. बारा चौरस मीटर, अर्थात सुमारे १३० चौरस फूट कमी! हजार रुपये फूट भाव धरला तर १ लाख ३० हजार रुपये हवेत गेले.

हिशेब सोपा आहे. उंचीतील फरकाचा वर्ग करावा, त्याला टेपच्या मापाच्या दुपटीने भागावे आणि आलेला आकडा मापातून वजा करावा. ३० मीटरला ३ मीटर चढ असेल तर ९ भागिले ६०, म्हणजे १५ सेंटिमीटर वजा. पाचास एक यापेक्षा चढ तीव्र असल्यास हा हिशेब पुरत नाही. तेव्हा टेपच्या मापाच्या वर्गातून उंचीचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढावे. उंचीतील फरक गवंड्याच्या पाण्याच्या नळीने टप्प्याटप्प्याने काढता येतो.

आकडेमोड नको असेल तर पायऱ्यांनी मोजावे. टेप आडवा ताणून धरावा, टोकाला ओळंबा सोडावा, तो टेकेल तिथे खुंटी ठोकून पुढचा टप्पा घ्यावा. चढ जास्त असेल तर टप्पा लहान ठेवावा.

कारागीर बंधूंनी मात्र एक ध्यानात ठेवावे. कुंपणाची तार, पाइप, उतारावरची फरशी यांना तिरकेच माप लागते. तिथे आडवे माप धरले तर माल कमी पडेल.

भावाभावांच्या वाटणीत उताराचा तुकडा ज्याच्या वाट्याला येतो, त्याचे माप टेपने फुगलेले असते. वाद असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्यावी. मापात घट करणाऱ्यांना कुरआन शरीफमधील सूरह मुतफ्फिफीनमध्ये सक्त ताकीद आहे. ती तराजूपुरती नाही, टेपलाही लागू आहे, असे आम्ही मानतो.