फोटो अपलोड झाले की नुसती रंगीत तालीम? आरक्लोनमध्ये कोणती सेटिंग चालते, समजून घ्या

समजा, वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, धनजमध्ये एका फोटोग्राफरकडे लग्नाचे 4,000 फोटो आहेत. एक फोटो साधारण 3 एमबीचा, म्हणजे एकूण 12 जीबी. अल्बम डिझाइन करणारा अमरावतीत आहे आणि त्याला फोटो गूगल ड्राइव्हवर हवेत. अपलोडचा वेग मिळतोय 2 एमबीपीएस. या वेगाने सगळे फोटो चढायला तेरा तासांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात एकदा जरी लाईट गेली, तरी ब्राउझरसमोर बसून कोणते फोटो गेले आणि कोणते राहिले ते शोधत बसावं लागतं.

अशा कामासाठी आरक्लोन हे मोफत, ओपन सोर्स टूल वापरलं जातं. निक क्रेग-वुड या प्रोग्रामरने ते सुरू केलं. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर ते चालतं. पण त्यात बटणं नसतात, काळ्या खिडकीत कमांड टाइप करावी लागते. (या लेखात कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरायची.)

तुटलेलं काम पुन्हा कसं सुरू होतं?

आधी ‘आरक्लोन कॉन्फिग’ ही कमांड देऊन गूगल ड्राइव्ह एकदाच जोडून घ्यायचं. मग ‘आरक्लोन कॉपी’ लिहून पुढे कुठून आणि कुठे ते सांगायचं. लाईट गेली तर परत आल्यावर तीच कमांड पुन्हा द्यायची. जे फोटो आधीच पोहोचलेत आणि बदललेले नाहीत, ते आरक्लोन सोडून देतं आणि उरलेलेच पाठवतं.

एक मर्यादा मात्र आहे. लग्नाचा व्हिडिओ एकाच मोठ्या फाईलमध्ये असेल आणि आरक्लोन मध्येच बंद पडलं, तर ती फाईल पुन्हा पहिल्यापासून जाते.

‘कॉपी’च्या जागी ‘सिंक’ लिहिण्याआधी दोनदा विचार करा. सिंक दोन्ही फोल्डर तंतोतंत सारखे करतं. म्हणजे तुमच्याकडे नसलेली फाईल ड्राइव्हवर असेल, तर ती तिथून काढून टाकतं.

फ्लॅग म्हणजे काय?

कमांडच्या पुढे दोन डॅश देऊन लिहिलेली सूचना म्हणजे फ्लॅग. तो फक्त त्या एका वेळेपुरता लागू होतो.

उदाहरणार्थ, ‘--बीडब्ल्यूलिमिट 100के’ लिहिलं की आरक्लोन सेकंदाला सुमारे 100 केबीच डेटा वापरतं आणि घरातल्या बाकीच्यांचं इंटरनेट अडत नाही. वेळापत्रकही देता येतं. ‘08:00,100के 23:00,ऑफ’ असं अवतरणचिन्हांत लिहिलं, तर सकाळी 8 पासून वेग कमी राहतो आणि रात्री 11 नंतर मर्यादा उठते.

इथे हमखास चूक होते. इंटरनेट कंपनी वेग बिट्समध्ये सांगते, आरक्लोन बाइट्समध्ये मोजतं. एका बाइटमध्ये आठ बिट्स असतात. त्यामुळे 2 एमबीपीएसच्या लाइनवर ‘2एम’ अशी मर्यादा घातली, तर ती लाइनच्या आठपटीहून जास्त होते. म्हणजे मर्यादा घातली काय आणि न घातली काय, सारखंच.

मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कशाला?

तोच फ्लॅग रोज लिहायचा कंटाळा येतो. म्हणून ती सूचना कॉम्प्युटरलाच सांगून ठेवता येते, तिला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. नाव बनवायची रीत सोपी आहे. फ्लॅगचे सुरुवातीचे डॅश काढा, मधल्या डॅशच्या जागी अंडरस्कोर टाका, सगळं कॅपिटल अक्षरांत लिहा आणि पुढे ‘आरक्लोन_’ जोडा. ‘--ड्राय-रन’चं होतं ‘आरक्लोन_ड्राय_रन’.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सेट’ने दिलेली सूचना ती खिडकी बंद होईपर्यंतच टिकते. ‘सेटएक्स’ने दिलेली कायमची राहते आणि पुढे उघडलेल्या खिडक्यांमध्ये लागू होते.

घोळ नेमका कुठे होतो?

ड्राय-रन म्हणजे रंगीत तालीम. काय काय पाठवलं जाईल ते आरक्लोन फक्त दाखवतं, प्रत्यक्षात काहीच पाठवत नाही. नवशिक्यांसाठी ही चांगली सोय आहे.

आता समजा, आपल्या फोटोग्राफरने शिकताना ‘सेटएक्स’ वापरून ड्राय-रन सुरू केलं आणि नंतर विसरून गेला. पंधरा दिवसांनी तो खरी कमांड देतो. स्क्रीनवर फाईलींची नावं सरसर जातात, लाल अक्षरांत एरर दिसत नाही. झालं काम, असं समजून तो मेमरी कार्ड फॉरमॅट करतो. ड्राइव्हवर मात्र एकही फोटो नसतो. तेरा तासांचं काम दोन मिनिटांत कसं उरकलं, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

दोन सूचना भिडल्या तर कोण जिंकतं?

ड्राय-रन किंवा वेगमर्यादेसारख्या सूचनांचा क्रम सोपा आहे. कमांडमध्ये लिहिलेला फ्लॅग सगळ्यात वरचढ. तो नसेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. तेही नसेल तर टूलमध्ये मुळात ठरलेली सेटिंग. म्हणून ‘--ड्राय-रन=फॉल्स’ असं लिहिलं की विसरलेलं ड्राय-रन त्या वेळेपुरतं रद्द होतं.

कोणती सूचना लपून बसली आहे, हे पाहायला ‘आरक्लोन व्हर्जन -व्हीव्ही’ ही कमांड द्या. व्हेरिएबलमधून आलेल्या सेटिंग त्यात दिसतात.

कार्ड पुसण्याआधी

पासवर्ड कधीही फ्लॅगमध्ये लिहू नका, तो कमांडच्या हिस्ट्रीत राहू शकतो. आरक्लोनच्या कॉन्फिग फाईललाही वेगळा पासवर्ड लावता येतो. लॅपटॉप दुसरं कुणी वापरत असेल तर तो लावाच.

आणि शेवटी ‘आरक्लोन चेक’ चालवा. ते दोन्हीकडच्या फाईली ताडून पाहतं आणि काय राहिलं ते सांगतं. लग्न पुन्हा लागत नाही. त्यामुळे चेकमध्ये फरक शून्य दिसेपर्यंत कार्डला हात लावू नका.