पिंजऱ्यात आफ्रिका, बांधावर मुनिया

पावसाळा सरताना कन्नडहून गौताळ्याकडे बाइक काढा. वाटेत बाजरीचं शेत दिसलं की थांबा. कणसावर झुलणारे, दाणे टिपणारे बोटभर पक्षी दिसले तर त्या मुनिया. आता इन्स्टावरची ती रील आठवा: निळ्या पिसांचा, गालावर लाल ठिपका असलेला कॉर्डन ब्लू, किंवा गळ्यावर लाल पट्टा असलेला कट-थ्रोट. हे आफ्रिकन फिंच आणि आपल्या मुनिया एकाच कुळातल्या. आपली सिल्व्हरबिल मुनिया आणि आफ्रिकेतली सिल्व्हरबिल तर कधीकाळी एकच जात मानल्या जायच्या!

‘मग मुनियाच पाळू की, फुकटात मिळेल!’ थांबा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुनियाला संरक्षण आहे. तिला पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. तरी ती विकली जाते, तीही रंगवून. भडक हिरवी-गुलाबी मुनिया कुणी ‘फॉरेन बर्ड’ म्हणून दाखवली तर समजून जा. पिसं झडली की रंग गेला. लाल मुनियाच्या शास्त्रीय नावात, अमांडावामध्ये, अहमदाबाद लपलंय; एकेकाळी तिथून हे पक्षी परदेशी जायचे. म्हणजे हा धंदा जुनाच.

म्हणून विकत घेताना पायातली बंद रिंग बघा. ती पिल्लू अगदी लहान असतानाच चढवता येते, मोठ्या पक्ष्याच्या पायात नाही. म्हणजे बंद रिंग असेल तर तो बहुधा पिंजऱ्यातच जन्मलेला. विक्रेत्याकडून बिलही मागा. त्यानं आढेवेढे घेतले तर तिथून निघा.

पिंजरा उंच नको, लांब हवा. हे पोपटासारखे चढत नाहीत, आडवे उडतात. राळा, बाजरी, वरी, स्वच्छ पाणी आणि समुद्रफेस. समुद्रफेसातलं कॅल्शियम मिळालं नाही तर मादीच्या पोटात अंडं अडकू शकतं, आणि त्यात ती जीवही गमावते. कट-थ्रोट तसा सोपा, डब्यात सुकं गवत दिलं की घरटं करतो, अंडी साधारण बारा-तेरा दिवसांत फुटतात. खरी परीक्षा कॉर्डन ब्लूची. पिल्लं झाली की त्याला जिवंत किडे लागतात, नुसत्या दाण्यावर पिल्लं जगत नाहीत. आपल्याकडे वाळवीला तोटा नाही म्हणा, पण फवारणी झालेल्या शेतातली आणू नका. उकडलेलं अंडं कुस्करून देता येतं, पण ती जोड झाली, किड्यांची जागा ते घेत नाही.

हॉस्टेलवर राहत असाल तर हा नाद सध्या नकोच. दिवाळीत गावी गेल्यावर दाणापाणी कोण बघणार? कंटाळा आला म्हणून पिंजरा उघडून देणं ही सुटका नव्हे. आफ्रिकेचा पक्षी कन्नडच्या रानात एक तर मरेल, नाही तर आपल्या मुनियांच्या दाण्यात वाटेकरी होईल. नकोसा झाला तर दुसऱ्या पाळणाऱ्याकडे द्या, बिलासकट.