टाचेत सुई टोचून घेण्याआधी

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकले की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावले चालल्यावर ती ओसरते आणि दिवसभर उभे राहिले की संध्याकाळी परत येते. शिक्षिका, वाहतूक पोलीस, स्वयंपाकाची कामे करणाऱ्या बायका यांच्या चांगल्या ओळखीचे हे दुखणे. तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा ताणलेला असतो. हाडाला तो जिथे चिकटतो, तिथे झिजतो. एक्स-रेत दिसणाऱ्या ‘वाढलेल्या हाडा’वर उगाच खापर फुटते, टाच कधीच न दुखलेल्या अनेकांतही ते सापडते.

महिनोन्‌महिने सोसल्यावर रुग्ण म्हणतो, ‘एक इंजेक्शन देऊन टाका.’ त्यातले जुने आणि स्वस्त इंजेक्शन स्टेरॉइडचे. त्याने आराम पडतो, पण चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात हा फायदा थोडाच आणि तोही जेमतेम महिनाभर टिकलेला दिसतो. मग दुसरे, तिसरे घेतले जाते, आणि खरा धोका तिथे आहे. पट्टा तुटू शकतो. टाचेखालची चरबीची गादी विरळ होऊ शकते, आणि ती पुन्हा भरून येणे कठीण. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते. हे आधीच सांगायला हवे.

दुसरे इंजेक्शन पीआरपीचे. रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेट्सनी भरलेला भाग टाचेत सोडतात. ‘आपलेच रक्त’ म्हटले की बरे वाटते. आराम पडलाच तर तो सावकाश, काही आठवड्यांनी. काही चाचण्यांत काही महिन्यांनंतर ते स्टेरॉइडपेक्षा सरस ठरले, काहींत फरकच दिसला नाही. ते बनवण्याची पद्धतही जागोजागी वेगळी. खर्च मात्र नक्की जास्त.

बहुतेकांची टाच वर्षभरात सुईविनाच बरी होते, पण व्यायाम नेमाने करावा लागतो. पहिले पाऊल टाकण्याआधी, पलंगावर बसूनच, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा आणि पायाची बोटे नडगीकडे ओढून दहा अंक मोजावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. घरातल्या फरशीवर अनवाणी फिरू नये.

हा व्यायामही करवत नाही इतकी टाच दुखत असेल, तर एखादे स्टेरॉइड इंजेक्शन जरूर घ्यावे. त्यानंतर टाच हलकी वाटली तरी काही दिवस धावणे, उड्या मारणे नको. तळपायात अचानक ‘टक्’ झाले, सूज आली किंवा काळेनिळे दिसले, तर त्याच दिवशी दाखवावे.