पाड्याला साकव हवा : पैसा कोठून येतो?

तुंगारेश्वरच्या डोंगरावर पाऊस कोसळू लागला की चिंचोटीच्या बाजूचे ओहोळ बघता बघता भरतात. उन्हाळ्यात ज्या ओहोळातून गुरे कोरड्या पायांनी जातात, तिथेच आषाढात माणूस अडतो. पलीकडच्या पाड्यावरच्या मुलांची शाळा बुडते. एखादी बाई बाळंतपणाला अडली, तर तिला झोळीत घालून काठापर्यंत आणायचे, आणि पाणी ओसरायची वाट पाहत बसायचे. अशा ठिकाणी साकव हवा, हे कोणी सांगायला नको.

मग लोक म्हणतात, "सरकार साकव का बांधत नाही?" प्रश्न रास्त आहे. पण सरकार म्हणजे कोण? पैसा एका पेटीत नसतो. ग्रामपंचायतीची पेटी वेगळी, जिल्ह्याची वेगळी, आमदार-खासदारांच्या निधीची आणखी वेगळी. कोणती पेटी कोणत्या कामासाठी उघडते हे ठाऊक नसले, तर अर्ज या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहतो.

तेव्हा पहिले काम घरीच करायचे. घरपट्टीची पावती पेटीतून बाहेर काढा आणि वरची ओळ वाचा. तिथे ग्रामपंचायतीचे नाव आहे की महानगरपालिकेचे? आपल्या भागात हे पाहणे फार जरुरीचे आहे. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, तेव्हा तालुक्यातली बरीच गावे तिच्यात गेली. घरे तीच, ओहोळही तोच, पण मागणी कोणाकडे करायची ते बदलले. पावतीवर महानगरपालिका असेल, तर अर्ज प्रभाग समितीच्या कार्यालयात द्यायचा आणि नगरसेवकालाही एक प्रत द्यायची. महानगरपालिकेचे वर्ष ३१ मार्चला संपते. नव्या वर्षाचा खर्च त्याआधी ठरतो. म्हणून साकवाची मागणी दिवाळीच्या सुमारास गेलेली बरी. जून महिन्यात ओहोळ भरल्यावर ओरड करून त्या वर्षी काही होत नाही.

पावतीवर ग्रामपंचायत असेल, तर सगळे ग्रामसभेपासून सुरू होते. गावचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो, बाई असो की पुरुष. एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल, तेवढी माणसे सभेला हवीत. वसई तालुक्यातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्यालाही आपली वेगळी ग्रामसभा मागता येते. मोठ्या गावाच्या गलबल्यात ज्या पाड्याचा आवाज पोचत नाही, त्याने हे ध्यानात ठेवावे.

ग्रामसभेत ठराव होतो. आता ठराव कसा लिहितात ते पाहू, कारण खरी मेख इथेच आहे. पुष्कळ ठराव असे असतात : "पाड्यावर साकव व्हावा, असे सर्वानुमते ठरले." बस्स! वाचणाऱ्या साहेबाला यातून काय कळणार? कोणता ओहोळ? कोणाची जमीन? किती माणसांची सोय? त्यापेक्षा असे लिहा :

"अमुक पाड्यावर इतकी घरे व इतकी माणसे आहेत. त्यांपैकी इतकी मुले ओहोळ ओलांडून शाळेत जातात. पावसाळ्यात इतके दिवस वाट बंद असते. साकवाची जागा अमुक सर्व्हे नंबरमध्ये आहे. जागा सरकारी आहे. पुढे झाडलोट व किरकोळ दुरुस्ती ग्रामपंचायत करील."

यातला एकही शब्द अवघड नाही. घरे मोजायला इंजिनिअर लागत नाही. तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. दोघी-तिघींनी वही घेऊन पाडाभर फिरावे, संध्याकाळपर्यंत यादी तयार होते. वाट किती दिवस बंद होती, हे शाळेच्या हजेरीपटावरूनही ताडून पाहता येते.

जमिनीचे मात्र जपून करा. मंजूर झालेली कामे जमिनीच्या वादात अडकतात. जागा खाजगी असेल तर सातबारा काढा आणि मालकाची संमती लेखी घ्या. "तो आपलाच माणूस आहे, नाही म्हणायचा नाही," असे म्हणू नका. तो नाही म्हणाला नाही, तरी त्याचा मुलगा म्हणेल! जागा जंगलखात्याची असेल तर घाबरून जाऊ नये. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची नळवाट, रस्ता अशा तेरा प्रकारच्या सोयींसाठी, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन त्याखाली मिळू शकते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस लागतेच. तुंगारेश्वरचे जंगल २००३ साली अभयारण्य झाले. त्याची हद्द लागत असेल, तर वनखात्याकडे आधीच चौकशी करावी.

आता पेट्यांकडे वळू.

ग्रामपंचायतीला केंद्राच्या वित्त आयोगाकडून पैसा येतो. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी त्याचे दोन भाग पाडले होते. शंभरातले साठ रुपये पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेले. उरलेले चाळीस गावच्या इतर गरजांसाठी, पण पगारासाठी नव्हे. गावात भांडण होते ते इथेच. "बँकेत पैसे पडून आहेत, मग आमचा साकव का होत नाही?" पडून असलेले पैसे पाण्याचे असले, तर सरपंचाला ते साकवाला लावता येत नाहीत. आयोग बदलला की हिशेबही बदलू शकतो. म्हणून ग्रामसेवकाला (त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) दर वर्षी विचारावे : बांधलेले किती, मोकळे किती? अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींसाठी २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतल्या पाच टक्के पैशाची वाट निघाली. त्याला अबंध निधी म्हणतात, म्हणजे न बांधलेला. तो कशाला लावायचा ते ग्रामसभा ठरवते.

साकवाचा खर्च बहुधा पंचायतीला पेलत नाही. मग जिल्ह्याकडे जायचे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. जिल्ह्याच्या वर्षाच्या योजनेचा आराखडा जिल्हा नियोजन समितीत ठरतो. कोकणात ओहोळ-नाले फार, म्हणून इकडच्या जिल्ह्यांच्या योजनेत साकवांसाठी तरतूद होत आली आहे. आदिवासी वस्तीसाठी ठक्कर बाप्पांच्या नावाची वस्ती सुधार योजना आहे. तिची चौकशी आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात करावी.

आमदारांना आणि खासदारांना कामे सुचवण्यासाठी निधी असतो. खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. नीट ऐका : सुचवता येतात. पैसा त्यांच्या हाती येत नाही, जिल्ह्याच्या कचेरीतून खर्च होतो. तेव्हा "साहेबांनी खिशातून साकव दिला" असे कोणी म्हणाले, तर तो पैसा तुमचाच आहे हे लक्षात असू द्या. त्यांना पत्र लिहायला मात्र संकोच करू नका.

हमरस्त्याला कारखाने आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजाच्या कामाला लावायचे असतात. हा नियम प्रत्येक छोट्या कारखान्याला नाही. ज्यांना आहे, ते पैसे बहुधा नोंदलेल्या संस्थेमार्फत देतात. शाळेची खोली, पाण्याची टाकी अशा कामांना ही वाट बरी. साकव मात्र सरकारी खात्याने बांधलेलाच मजबूत राहील, असे माझे मत आहे.

गावात एखादा गृहस्थ येतो. हातात फाईल, डोळ्यांवर काळा चष्मा. "तुमचे अनुदान मंजूर करून आणतो, घरटी पाचशे रुपये काढा." त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. सरकारी अनुदानाच्या अर्जाला घरटी वर्गणी लागत नाही. काही योजनांत लोकवाटा असतो, उदाहरणार्थ २०१९ च्या जलजीवन योजनेत. पण तो ग्रामसभेत ठरतो आणि त्याची पावती मिळते.

ठराव गेला की इंजिनिअर जागा पाहतो आणि अंदाजपत्रक करतो. मग मान्यता, मग निविदा, मग काम. यात एक पावसाळा सहज जातो, कधी दोन जातात. दर पायरीला तारीख वहीत लिहून ठेवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा सही-शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. उत्तरच आले नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये भरून साध्या कागदावर विचारायचे : "आमचा अमुक तारखेचा अर्ज सध्या कोणाकडे आहे, आणि त्यावर काय शेरा आहे?" दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला दहा रुपयेही लागत नाहीत. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. ते आले की सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, आणि शेऱ्यात जो कागद कमी म्हटला असेल, तो जोडून अर्ज पुन्हा पाठवा.