इमारतीला बाहेरून कोणता रंग द्यावा?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो नैऋत्येकडून झोडपतो. म्हणून दक्षिण-पश्चिमेच्या भिंती जास्त भिजतात, शेवाळतात. रंग ठरवताना आधी त्यांचा विचार करा.

पांढराशुभ्र रंग ऊन परतवतो, पण छज्ज्याखालचे काळे ओघळ त्यावर लगेच उठून दिसतात. गडद रंगांनी भिंती तापतात, आणि भडक लाल-पिवळ्या छटांतली सेंद्रिय रंगद्रव्ये उन्हात लवकर विटतात. गेरू, पिवळी माती यांतली लोहयुक्त रंगद्रव्ये मात्र टिकतात. त्यामुळे फिकट बदामी, मातकट पिवळा किंवा हलका राखाडी रंग इथे सोयीचा. गडद छटा हवीच असेल, तर ती पट्ट्यांपुरती ठेवा.

शेड कार्डावरची छटा मोठ्या भिंतीवर अधिक उजळ आणि भडक दिसते. सोसायटीच्या सभेत निर्णय घेण्याआधी भिंतीवरच तीन-चार फुटांचे नमुने रंगवा. ते सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाहा.

भेगा आणि गळती आधी दुरुस्त करा. नवा गिलावा किमान 28 दिवस सुकू द्या, कारण त्यातला क्षार रंग खराब करतो. काम पावसाळ्यानंतर, भिंती कोरड्या झाल्यावरच काढा. हा रंग रहिवाशांइतकाच शेजाऱ्यांनाही वर्षानुवर्षे पाहायचा असतो. निवडीला पुरेसा वेळ द्या.