धुराची घंटा कोणी बसवायची?

क्रांती चौकातून पैठण गेटाकडे किंवा उस्मानपुऱ्याकडे वळावे, म्हणजे बऱ्याचशा एकाच घाटाच्या इमारती दिसतात. खाली दुकान, वर मालकांचे बिऱ्हाड आणि त्याच्याही वर दोन-तीन खोल्या भाड्याने. तिथे परीक्षेचा अभ्यास करणारी मुले राहतात, नाहीतर वाळूजला पाळीवर जाणारी माणसे. जिना एकच. त्याच्याखाली विजेची मीटरे, जुने सामान आणि हल्ली रात्रभर चार्जिंगला लावलेली विजेवरची स्कूटर. खोली घेताना भाडे, डिपॉझिट, नळाला पाणी कितव्या दिवशी येते, सारे विचारून होते. रात्री खाली आग लागली तर वरच्याला उठवणार कोण, हे मात्र कोणी विचारीत नाही.

३ एप्रिल २०२४ ची गोष्ट. पहाटे चारच्या सुमारास आपल्याच शहरात, छावणीतल्या दाणा बाजारात, तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसे गेली. त्यांत दोन लहान मुले. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोचलीच नव्हती. पोचला तो धूर, आणि ती माणसे गुदमरून गेली, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले.

आपण म्हणतो, जळका वास आला की जाग येईलच. या भरवशावर राहू नये. गाढ झोपेत नाक फारसे काम देत नाही, आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला तर वासच नसतो. कानाला मात्र मोठ्या आवाजाने जाग येते. धुराची घंटा, म्हणजे ज्याला स्मोक अलार्म म्हणतात, ती याच एका गोष्टीवर चालते. बशीएवढी डबी असते. आत प्रकाशाचा बारीक झोत असतो; धुराचे कण शिरले की तो विखुरतो, बाजूच्या डोळ्यावर पडतो, आणि डबी किंचाळू लागते. धूर वर चढतो म्हणून तिची जागा छताला.

आता ती बसवायची कोणी? मुलगा म्हणतो, "काका, छताला एक घंटा लावून द्या ना." काका म्हणतात, "अरे, तू अकरा महिन्यांचा पाहुणा. तुला पाहिजे तर तू लाव." दोघांचेही चुकते असे नाही, आणि छत तसेच रिकामे राहते.

इंग्लंडात हा वाद कायद्याने मिटवला आहे. भाड्याच्या घरात राहत्या प्रत्येक मजल्यावर एक घंटा मालकाने बसवायची आणि भाडेकरू येईल त्या दिवशी ती वाजवून पाहायची, असा नियम तिथे २०१५ पासून आहे. बिघाड कळवल्यावर दुरुस्तीही मालकाचीच, हे २०२२ मध्ये त्यात आले. आपल्याकडे लहान भाड्याच्या घरासाठी असा स्वतंत्र नियम नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा. ज्या इमारतींना त्याची साधने लागू आहेत, तिथे ती चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. त्या कायद्यातला 'भोगवटादार' म्हणजे भाडे भरणाराही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. करारात वेगळे ठरले नसेल तर घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकावर आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने केले नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नाही. जिन्यातला दिवा ही तर आवश्यक सेवा. तो मालकाला विनाकारण तोडता येत नाही. पण नव्याने घंटा बसवणे याला दुरुस्ती म्हणावे का, यावर वकील मंडळी भांडत बसतील. शिवाय आपल्या खोल्यांचे बहुतेक करार 'लिव्ह अँड लायसन्स'चे, ते भाडेकरारही नव्हेत. म्हणून करारातच दोन ओळी घालून घ्याव्यात, हे बरे.

माझ्या मते घंटा मालकानेच विकत घ्यावी. छत त्याचे, आणि हा भाडेकरू गेला तरी पुढच्याला ती उपयोगी पडणार. एक जिन्याच्या वरच्या टोकाला, एक झोपायच्या खोलीत. साधारण दहा वर्षांनी डबीच बदलायची. भाडेकरूने महिन्यातून एकदा बटण दाबून ती वाजवावी. मधूनमधून टिकटिकू लागली तर सेल संपत आला असे समजावे. आणि फोडणीच्या धुराने ओरडते म्हणून तिच्यावर मोजा चढवू नये! एका खोलीच्या बिऱ्हाडात हा त्रास व्हायचाच; शेगडीपासून होईल तितकी लांब लावावी. मालकाला आत येऊन पाहायचे असेल तर आधी कळवून, सोयीच्या वेळी.

आता जिन्याचे. घंटेने जाग आली आणि जिन्यातच धूर कोंडलेला असला, तर माणूस जाणार कुठून? स्कूटर रात्री जिन्याखाली चार्जिंगला लावायची नाही, हे मालकाने ठरवावे आणि स्वतःच्या स्कूटरलाही लागू करावे. गच्चीच्या दाराचे कुलूप आतून किल्लीवाचून उघडेल असे असावे. खिडक्यांच्या गजांपैकी एकाला उघडणारी चौकट असावी. हे खर्च मालकाचे. जिन्यात चपलांची मांडणी, सायकल, रद्दी न ठेवणे भाडेकरूचे.

खोली सोडताना घंटा डिपॉझिटच्या हिशेबात दाखवून द्यावी, काढून नेऊ नये.