श्रवणाचा संस्कार

कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे ख्यातनाम हार्मोनियमवादक. पेटीवादन त्यांनी बहुतांशी स्वतःच्या कानांच्या बळावर आत्मसात केले. १८८३ साली स्थापन झालेल्या येथील देवल क्लबातील मैफलींनी त्यांचा कान घडविला. शाहू महाराजांच्या आश्रयाला आलेल्या उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांची रीतसर तालीम त्यांना लाभली नाही. तरीही त्या गायकीचा ठसा त्यांच्या मनावर कायमचा उमटला. मनापासून केलेले श्रवण हीदेखील एक दीक्षाच असते.

आज संगीत शिकणारी अनेक नातवंडे परीक्षेच्या तयारीत रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी पाठ करतात. परंतु तो राग ऐकताना मनात काय हालले, हे त्यांना क्वचितच कोणी विचारते. भाव जागा झाला नाही, तर शिक्षण कोरडे राहते आणि परीक्षा संपताच तानपुरा कोपऱ्यात जातो.

स्वरांमुळे भाव कसे जागतात, याविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेले एक भारतीय संशोधन बोलके आहे. त्यात श्रोत्यांना एकाच रागाचा आलाप व तालबद्ध गत ऐकविण्यात आली. आलापात शांत भासलेले काही राग लय येताच आनंदी वाटू लागले. कोमल ऋषभाचा संबंध मात्र उदास वा तणावाच्या भावनेशी आढळला. म्हणजे स्वर मनाला रंग देतात आणि लय त्याला चेतना देते.

हा अनुभव नातवंडांना देण्यासाठी आजी-आजोबांइतके योग्य सोबती दुसरे कोण? तरुणपणी ऐकलेले संगीत उतारवयातही स्मृतीत टिकून असते. म्हणून सायंकाळी पंधरा मिनिटे एकत्र बसावे. आवाज बेताचा ठेवावा. श्रवणयंत्र असल्यास ते लावावे. आधी निव्वळ आलाप ऐकावा, मग बंदिश. नंतर रागाचे नाव न विचारता ‘तुला काय वाटले?’ एवढेच विचारावे आणि आपलीही एखादी आठवण सांगावी. दोघांचे भाव निराळे असले, तरी दोन्ही खरेच.

ऐकताना ज्येष्ठांचे डोळे पाणावले, तर घाबरू नये, जवळ बसावे. अस्वस्थता वाढली, तर मात्र संगीत थांबवावे.

अशा बैठकीतून मुलाला रागाचे अंतरंग गवसते आणि वडीलधाऱ्यांना आपले ऐकून घेणारे कोणी तरी भेटते.